पहिल्या भागांनी भरलेलं कपाट

मुलं वाचत नाहीत, या विषयावर आपल्याकडे बारमाही परिसंवाद होतात. मोबाइल, इंग्रजी माध्यम, शिकवण्या, आईवडिलांना नसलेला वेळ, ही आरोपींची यादी आता सगळ्यांना पाठ आहे. जी मुलं वाचतात त्यांचं पुढे काय होतं, याची चौकशी मात्र कुणी फारशी करत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या मुलीनं एका मालिकेच्या पहिल्या पुस्तकाचा दोन दिवसांत फडशा पाडला आणि ते परत करताना देवघेवीच्या टेबलापाशी विचारलं, ‘याचा पुढचा भाग आहे?’ तर आपल्या बहुतेक ग्रंथालयांत तिला उत्तर मिळतं, ‘तो नाही, पण बाकीची पुष्कळ आहेत, बघ ना.’ मुलगी दोन मिनिटं कपाटासमोर उभी राहते आणि निघून जाते.

पहिलं पुस्तक बहुतेक वेळा कुणीतरी मुलाच्या हातात ठेवलेलं असतं. वाढदिवसाची भेट असते, वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस असतं, सिनेमा पाहून आलेली उत्सुकता असते, नाहीतर नुसतं मुखपृष्ठ आवडलेलं असतं. दुसरं पुस्तक मागायला मूल आपल्या पायांनी येतं. आपल्याला काय हवं ते त्याला नेमकं माहीत असतं आणि ते मागण्याइतकी भीडही चेपलेली असते. वाचनसंस्कृती म्हणून आपण जे काही वाढवू पाहतो, ते तिथे आयतं समोर येऊन उभं राहतं. नेमक्या त्याच क्षणी आपण हात वर करतो. ग्रंथनिवड, पुरस्कार, परीक्षणं, शाळांच्या याद्या, सगळी यंत्रणा पहिल्या पुस्तकापाशी थांबते. ती दुसऱ्यापर्यंत गेली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

हे मी एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांवरून म्हणते आहे, कारण तिथे ही अडचण सगळ्यात जास्त जाणवते. किशोरवयीन वाचकांसाठीची अर्बन फॅन्टसी. आजचं, ओळखीचं शहर, त्याच्या बसगाड्या, पूल, कोपऱ्यावरची दुकानं, आणि या सगळ्याच्या आड नांदणारं दुसरं जग. १९८०च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार नावारूपाला आला. लेखिका एमा बुल यांनी १९८७मध्ये एका कादंबरीत मिनीआपोलिसमधल्या एका रॉक गायिकेला परीलोकांच्या युद्धात ओढलं, तेव्हा जादूला जंगल आणि किल्ले लागतातच असं नाही, हे बऱ्याच लेखकांच्या ध्यानात आलं. पुढे किशोर वाचकांसाठी या प्रकाराला भरघोस पीक आलं आणि आता पुणे-मुंबई-ठाण्यातल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या दप्तरांत ही पुस्तकं सर्रास सापडतात. ती जवळजवळ कधीच एकटी नसतात. तीन, पाच, सहा भागांची मालिका असते.

उदाहरण म्हणून डॅनिअल होसे ओल्डर यांचीच मालिका घ्या. हा लेखक न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक होता, म्हणजे शहर कुठे कुठे दुखतं हे त्यानं रात्रपाळीत पाहिलेलं आहे. २०१५ साली आलेल्या ‘शॅडोशेपर’ची नायिका सिएरा सँतियागो ही ब्रुकलिनच्या बेड-स्टाय भागात राहणारी, पोर्तो रिकन वंशाची, भिंतींवर चित्रं काढणारी मुलगी. एका अर्धवट सोडलेल्या इमारतीच्या भिंतीवर ती ड्रॅगन रंगवत असते. वस्तीतल्या मृत माणसांची, त्यांच्या आठवणीसाठी रंगवलेली जुनी भित्तिचित्रं फिकट होत चाललेली असतात, आणि त्यांतल्या एका चेहऱ्याच्या डोळ्यातून तिच्यासमोर अश्रू ओघळतो. आत्म्यांना चित्रात, शिल्पात, सुरांत उतरवण्याची विद्या आपल्याच घरात आहे आणि ती आपल्यापासून लपवून ठेवलेली आहे, हे तिला कळतं. ती विद्या बळकावायला निघालेला खलनायक एक मानववंशशास्त्रज्ञ आहे. अभ्यासाच्या नावाखाली एखाद्या समाजाचं देणं उचलून नेणारा विद्वान खलनायक म्हणून योजणं, ही मला या पुस्तकातली सगळ्यात धारदार गोष्ट वाटते.

पुस्तक चांगलं आहे. पण पहिल्या भागाची कमाई बरीचशी शोधाची असते. नायिकेबरोबर आपल्यालाही पडद्याआडचं जग दिसतं, नियम कळतात, शेवटी खलनायक हरतो. जिथे जिथे असा दडलेला प्रदेश दाखवायचा असतो तिथे लेखकाला ही अर्धी बाजी आपसूक मिळते.

दुसऱ्या भागात ती सवलत संपते. ‘शॅडोहाउस फॉल’ २०१७ला आला. आता सिएराला सगळं ठाऊक आहे, आपल्यालाही. ती आता एका घराण्याची प्रमुख आहे आणि इतरांना ही विद्या शिकवण्याची जबाबदारी तिच्यावर आहे. तिच्या हाती एक पत्ता पडतो, खेळायच्या पत्त्यांसारखा, त्यावर एका श्वापदाचं चित्र. हा पत्ता ज्या गड्डीतला आहे त्या गड्डीत वेगवेगळ्या जादुई घराण्यांची सत्ता आणि त्यांची आपसातली चढाओढ मांडलेली आहे. पहिल्या भागात एक दुष्ट माणूस होता; इथे व्यवस्था आहे, आणि व्यवस्थेला एका टोल्यात पाडता येत नाही. त्याचबरोबर वास्तवातली बाजूही सरकते. शाळेच्या दारात मेटल डिटेक्टर आहे, पोलीस आहेत, आणि रोज सकाळी दप्तर उघडून दाखवत वर्गात जाणारी मुलं आहेत. वस्तीवर ज्या यंत्रणा दात ठेवून असतात त्यांच्याशी सिएरा आणि तिची मित्रमंडळी भिडतात. भूतं आणि पोलीस एकाच शहरात राहतात, हे पहिल्या पुस्तकात जाता जाता सांगून झालं होतं. दुसऱ्यात ते पानापानावर निभवावं लागतं.

मला दुसऱ्या भागाचं मोल वाटतं ते यासाठी. पहिल्यात जे केलं त्याचे परिणाम इथे पुढ्यात येतात. जिंकलेली मुलगी आता कुणाला तरी जबाबदार आहे. हरलेल्यांचं नातंगोतं शिल्लक आहे. घरातलं एक गुपित उघडं पडलं की आईशी बोलायची तऱ्हा बदलते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. चौदाव्या वर्षी हे वाचायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे, कारण त्या वयात नेमकं हेच चाललेलं असतं. जगाचं कोडं काहीसं उलगडलेलं असतं आणि त्याचं आता करायचं काय, ते कळत नसतं.

दुसरे भाग वाईटही असतात. खूप असतात, हे कबूल केलंच पाहिजे. पहिल्याच्या यशावर करार झालेला, तारखेला हस्तलिखित द्यायचं म्हणून ओढूनताणून लांबवलेला. नायकाची शक्ती दुसऱ्या प्रकरणात नाहीशी होते, म्हणजे ती पुन्हा मिळवण्यात तीनशे पानं जातात. प्रेमात पडलेल्या दोघांमध्ये असा गैरसमज होतो, जो एका फोनवर मिटला असता. आणि शेवट? शेवट नसतोच, पुढच्या भागाची जाहिरात असते. अशी पुस्तकं मी मध्येच टाकून दिली आहेत आणि मुलांनीही टाकावीत. पण ती टाकायलासुद्धा आधी हाताशी लागतात. आपण दुसरा भाग आणतच नाही आणि वर म्हणतो, मालिकांमध्ये दम नसतो.

दुसऱ्या भागाकडे गंभीरपणे पाहायची पद्धत जिथे आहे, तिथे काय होतं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत बालसाहित्यासाठी न्यूबेरी पदक देतात आणि पदकाच्या खालोखाल काही पुस्तकांना ऑनर म्हणून गौरवतात. १९७२ला असा गौरव मिळाला तो अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाला. पहिल्या भागाचा नायक त्यात कितीतरी वेळ येतच नाही. अंधाऱ्या भुयारांची राखण करणारी एक मुलगीच त्याचं केंद्र आहे. १९७४ला तोच मान सुझन कूपर यांच्या ‘द डार्क इज रायझिंग’ला मिळाला. तोही मालिकेतला दुसराच भाग. पहिला १९६५ला आलेला, सुट्टीतल्या साहसाच्या वळणाचा. मध्ये आठ वर्षं गेली आणि लेखिकेची झेप इतकी वाढली की आज पुष्कळ जण ती मालिका दुसऱ्या भागापासूनच वाचायला घेतात. ही दोन्ही पुस्तकं शहरातली नाहीत, तरी मुद्दा लागू पडतो. त्या निवड समितीवर बसलेल्या माणसांनी ‘हा तर दुसरा भाग’ म्हणून पुस्तक बाजूला सारलं नाही.

आपल्याकडे मालिका नव्हत्या असं नाही. उलट मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्या मालिकांवरच पोसल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आला आणि वीसेक पुस्तकं धावला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या तीन भागांत घराघरांत पोचला. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा आकडा हजाराच्या पुढे जातो. फेणे मला आजही प्रिय आहे. पण एक फरक आहे. फेणेचं कुठलंही पुस्तक कुठूनही उचलावं, काही बिघडत नाही. तो मोठा होत नाही, मागच्या साहसाची जखम पुढच्या साहसात ठसठसत नाही. प्रत्येक वेळी ‘ट्टॉक्’ करून नवा डाव. ग्रंथालयांना हे सोयीचं होतं. एक प्रत हरवली तरी बाकीच्या चालू. आपली खरेदीची सवय अशा पुस्तकांवर घडली आहे, आणि सलग चालणाऱ्या, स्मरण ठेवणाऱ्या मालिकेलाही आपण तोच न्याय लावतो. फेणेचा सातवा भाग नसला तर मूल आठवा नेतं. सिएराचा दुसरा नसला तर तिसऱ्याचा उपयोग नाही.

शिवाय फेणे आणि गोट्या संपल्यावर काय? आपल्याकडे मुलाला तिथून उचलून थेट रणजित देसाई आणि शिवाजी सावंत यांच्या पानात बसवतात. काहींना ते मानवतं. बाकीची मुलं मधल्या चार-पाच वर्षांत इंग्रजीकडे जातात किंवा वाचनातूनच उठतात. इंग्रजीकडे गेलेल्यांना आपण नावं ठेवतो, पण त्यांना तिथे आपल्या वयाचं आणि चालू राहणारं असं काहीतरी सापडलेलं असतं.

आता विरोधी बाजू. ती मी आमच्या ग्रंथालयाच्या ग्रंथनिवडीच्या बैठकीत पुष्कळदा ऐकली आहे, आणि ती मूर्खपणाची नाही.

पहिलं म्हणणं असं की मालिका म्हणजे व्यसन लावायचा धंदा. प्रकाशक एक गोष्ट पाच तुकड्यांत विकतो आणि मूल गिऱ्हाईक बनतं. धंदा आहे, यात वाद नाही. पण तुकड्यांत गोष्ट सांगणं आपल्याला परकं कधी होतं? हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं छापल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट बघत. विधवेच्या केशवपनासारखा विषय मध्यमवर्गीय घरांत शिरला तो असा, हप्त्यांनी. ‘पुढे काय झालं’ या ओढीवर स्वार होऊन मराठी कादंबरी आली आणि तिचं कुणाला वावडं वाटलं नाही. (रात्री साडेआठला टीव्हीवर वर्षानुवर्षं तीच मालिका पाहणाऱ्यांनी मुलांना मालिकांच्या व्यसनाबद्दल सांगू नये, असंही मी एकदा बैठकीत म्हणून बसले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.)

दुसरं म्हणणं पैशाचं, आणि ते जास्त अवघड आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला पाच ते वीस हजार रुपये मिळतात, शाळेच्या स्तराप्रमाणे. बाहेरून येणारं इंग्रजी किशोर कादंबरीचं एक पुस्तक चारशे-पाचशेच्या घरात पडतं. पाच भागांची मालिका म्हणजे दोन-अडीच हजार. पाच हजारांत शाळा भागवायची तर निम्मा पैसा एका गोष्टीत गेला. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या ग्रंथालयांचं, विशेषतः कमी अनुदानाच्या क आणि ड वर्गातल्यांचं, दुखणं वेगळं नाही. मग समिती म्हणते, पाच भाग एकाचेच घेण्यापेक्षा पाच वेगळ्या लेखकांची पुस्तकं घेऊ, विविधता राहील.

विविधतेचा मान ठेवूनही मला हे पटत नाही. पाच वेगवेगळ्या मालिकांचे पाच पहिले भाग घेतले की त्याला विविधता म्हणत नाहीत, पाच अर्धवट गोष्टी म्हणतात. पंधरा मुलांनी प्रत्येकी एक भाग वाचला आणि पुढचा न मिळाल्यानं वाचन सोडलं, तर दाखल नोंदवहीत पाच पुस्तकं जमा दिसतील आणि देवघेवीत ती पुस्तकं वर्षभरानं हलेनाशी होतील. एकच मालिका पूर्ण घेतली तर तेच पंधरा जण पाच-पाच वेळा दार उघडून येतील. येताना शेजारच्या कपाटाकडेही बघतील, हे कुठल्याही ग्रंथपालाला माहीत असतं. आणि ज्या पुस्तकाला पुढचा भाग आहे पण आपण घेणार नाही, ते पहिलंच घेऊ नये. तेवढ्या पैशात एकट्यानं पूर्ण असलेली चांगली मराठी पुस्तकं येतात.

हे सगळं फक्त इंग्रजीबद्दल आहे का? नाही. अनुवादाच्या बाबतीत अवस्था आणखी नाजूक आहे. मराठी प्रकाशक हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्तीवर जगतो. पहिला भाग खपला नाही तर दुसऱ्याचे हक्क तो कशाला घेईल? आणि पुढचे भाग येणार नाहीत या भीतीनं वाचकही पहिला घ्यायला कचरतो. हॅरी पॉटरसारखं नाव असेल तर गोष्ट वेगळी. ही कोंडी फोडायला ग्रंथालयांची खात्रीची खरेदी लागते. राज्यात हजारोंनी अनुदानित ग्रंथालयं आहेत. त्यातल्या थोड्यांनी ‘भाग दोन येणार असेल तर आम्ही दोन्ही घेऊ’ असं आधी कळवलं तरी प्रकाशकाचं गणित बदलतं.

आणि मराठीत असं कुणी लिहीत का नाही, हा प्रश्न मग टाळता येत नाही. सामग्रीची वाण तर नाही. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे, वेताळ टेकडी आहे, आणि त्या टेकडीवरून रस्ता काढायचा की नाही यावर चालणारं भांडणही आहे. गिरणगावात चाळींच्या डोक्यावर काचेचे मनोरे उभे राहिले, तिथे गिरण्यांचे भोंगे कुणाला तरी अजून ऐकू येत असणार. गोव्यात गावाची राखण करणारा देवचार आहे. त्याच्या झाडाच्या जागी रिसॉर्ट आलं तर तो जातो कुठे? यातल्या कुठल्याही धाग्यावर पहिलं पुस्तक लिहून होईल. पण लेखकाला माहीत असतं की पहिल्यावर एखादं परीक्षण येईल, जमलं तर पुरस्कार मिळेल, आणि दुसऱ्याची दखल कुणी घेणार नाही. तेव्हा तोही एका पुस्तकात सगळं उरकतो, शेवटच्या वीस पानांत भूत पकडतो आणि मोकळा होतो. सिएराच्या शाळेच्या दारात पोलीस उभा करायला लेखकाला दुसरं पुस्तक मिळालं म्हणून तो विषय तिथे मावला.

पुस्तकं किलोवर विकणाऱ्या प्रदर्शनांत कधी गेलात तर किशोर विभागाचं टेबल जरा उपसून बघा. परदेशातल्या ग्रंथालयांनी काढून टाकलेली, त्यांचे शिक्के बसलेली पुस्तकं असतात. कण्यावर मालिकेचं नाव आणि खाली बारीक २ किंवा ३. पहिले भाग तिथे क्वचित सापडतात. ते आधीच कुणीतरी उचललेले असतात. आमच्याकडे पहिले पडून आहेत आणि तिथे दुसरे. तराजूवर दोनशे-तीनशे रुपयांत किलोभर दुसरे भाग मिळत असतील, तर आपल्या कपाटात जे पहिले आहेत त्यांची यादी खिशात घालून एक माणूस तिथे पाठवायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नसावी. बिलाचा प्रश्न निघेल, निघतोच, पण देणगीदाराकडून घेऊन दाखल करता येतात.

बाकी उपायही साधे आहेत. पहिला भाग वर्षभरात सहा-सात वाचकांनी नेला असेल तर पुढचा आपोआप मागवायचा, त्यासाठी बैठक नको. एका तालुक्यातल्या चार ग्रंथालयांनी चार मालिका वाटून घ्यायच्या आणि आपसांत फिरवायच्या. मुलांच्या मागणीची एक वही टेबलावर ठेवायची आणि ती समितीत वाचायची. ‘शॅडोशेपर’चा तिसरा आणि शेवटचा भाग २०२०मध्ये आला, तेव्हा मालिका अर्धवट राहील ही सबबही या बाबतीत उरलेली नाही.

खरी अडचण मार्चएंडची आहे. अनुदान खर्ची टाकायला चार दिवस उरले की विक्रेत्याकडून गठ्ठे येतात आणि गठ्ठ्यात जे असेल ते दाखल होतं. त्यात कुठल्या पुस्तकाचा मागचा-पुढचा भाग आहे हे बघायला कुणाला सवड नसते. म्हणून हे काम दिवाळीच्या आधी, देवघेवीच्या नोंदी समोर घेऊन करायला हवं. आमच्या समितीत मी हा विषय मांडला आहे. अध्यक्ष ‘बघू’ म्हणालेत.